गच्चीवरची धावपट्टी

धावपट्ट्या बघून विमानतळ ओळखणं ही काही फार उपयोगाची विद्या नाही. पण त्या काळात माझ्याकडे दुसरी कुठलीच विद्या नसल्यामुळे मला तिचा भलताच माज होता. उपग्रहातून घेतलेलं चित्र पडद्यावर यायचं, त्यावरची सगळी नावं झाकलेली असायची, आणि बाकीचे डोकं खाजवत असताना मी उत्तर देऊन मोकळी व्हायची. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतायत आणि कुंपणाला खेटून पत्र्यांची दाटी आहे, म्हणजे मुंबई. समुद्रात भर घालून आयताकृती बेट केलंय, म्हणजे ओसाका. धावपट्टीवरून आडवा मोटारींचा रस्ता गेलाय, म्हणजे जिब्राल्टर. यातल्या एकाही ठिकाणी मी गेले नव्हते. मुंबईलासुद्धा नाही. विमानात तर नाहीच नाही.

हुबळीत दाजीबानपेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. जुने नकाशे संगणकावर घ्यायचे आणि त्यांतले रस्ते, नाले, हद्दी एकेक करून गिरवायच्या, असं काम. दिवसभर गिरवून बोटं आखडायची. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती, आणि उपग्रहाची चित्रं कुणालाही इंटरनेटवर बघायला मिळू लागली होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे एका पडद्याभोवती खुर्च्या ओढून बसायचो. खेळाचे नियम कडक होते. चित्र लावणाऱ्यानं नावं झाकायची, चित्र हलवायचं नाही, प्रत्येकाला तीनदा ओळखायची संधी. तिन्ही वेळा चुकलं तर लावणाऱ्यानं उत्तर मोठ्यानं सांगायचं. हरलेल्यानं खाली जाऊन सगळ्यांसाठी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी आणायची. मला खाली जायची वेळ क्वचितच यायची.

आमच्यात धारवाडचा एक वकिलांचा मुलगा होता. सुभाष रोडच्या मागं त्यांचं जुनं मोठं घर. तो बंगळूरला विमानानं जाऊन आलेला, पण वरून बघून त्याला बंगळूरसुद्धा ओळखता यायचं नाही. त्याला हरवताना मला विशेष आनंद व्हायचा, आणि आपण हुशार आहोत हे त्याला दिसावं असंही वाटायचं. एवढं सांगितलं तरी पुरे.

संध्याकाळी बसनं उणकलला उतरून घरी गेलं की अप्पा दारातच विचारायचे, "आज कुठं जाऊन आलीस?"

"टोकियो," मी म्हणायची. "मग माले. आणि येताना डेन्व्हर."

अप्पा लगेच पाठकोरा कागद पुढं सरकवायचे आणि मी आठवेल तशा धावपट्ट्या काढून दाखवायची. अप्पा हुबळीतल्या एका मराठी शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांचं मूळ गाव अळणावरच्या पलीकडं. आई-वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे, आणि त्या घरात खडू हातात घेतलेला हा पहिलाच माणूस. त्यांना प्रत्येक विमानतळात काहीतरी दिसायचं. "ही तर कात्री की गं." "हा मोडका पंखा." आई आतून ओरडायची, "बाप-लेक जेवायला याल का तिकडंच उतरणार?"

खरं तर विमानतळाची गोडी मला त्यांनीच लावली. नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, रविवारी ते मला सायकलवर पुढं बसवून हुबळीच्या विमानतळाच्या कुंपणापाशी न्यायचे. आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात तारेबाहेर बसायचो आणि विमानाची वाट बघायचो. विमान बहुधा यायचंच नाही. मग अप्पा न आलेलं विमान माझ्या वहीत काढून द्यायचे, खिडक्यांसकट, आणि एका खिडकीत मी.

ते निवृत्त झाले त्याच सुमाराला त्यांची शाळाही बंद झाली. पोरं कानडी आणि इंग्रजी शाळांत निघून गेली होती, वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी असं चाललं होतं. शेवटी ती बाकं व्हरांड्यात ढीग करून टाकली, तेव्हा अप्पांनी टेम्पो ठरवला आणि त्यातली धड होती तेवढी घरी आणली. उणकल तेव्हा गाव राहिलं नव्हतं, शहर तिथवर पोचलं होतं. अप्पांनी तळ्याच्या अलीकडे एक छोटा प्लॉट घेऊन त्यावर तळमजला बांधला होता. वरची खोली पुढं बांधायची म्हणून गच्चीवर खांबांच्या सळया तशाच उभ्या ठेवल्या होत्या. खोली झाली की तिथं चित्रकलेचा वर्ग काढायचा, बाकं त्यासाठीच. खोली काही होईना. सळया गंजल्या, बाकांवरची निळी ताडपत्री फाटली, पारव्यांनी त्यात संसार मांडला. शेजारच्या तीन मजली इमारतीतले लोक गॅलरीत चहा पीत आमच्या गच्चीकडं बघायचे. आई म्हणायची, "एक तर बांधा, नाही तर बंबात घाला." अप्पा म्हणायचे, "बघू की."

मला त्या गच्चीची लाज वाटायची. अप्पांची नाही, गच्चीची, असं मी स्वतःला सांगायची. पण बाकं कुणी आणली होती हे मला ठाऊक होतं, त्यामुळं त्या सांगण्यात फारसा दम नव्हता.

एका दुपारी त्या धारवाडच्या मुलानंच टूम काढली, "विमानतळ पुरे झाले. आज एकमेकांची घरं ओळखूया." सगळ्यांनी उचलून धरलं. त्याचं घर आधी आलं. कौलारू छप्पर, मागं झाडांची हिरवी गर्दी. एका मैत्रिणीचं घर दाजीबानपेठेतच, आमच्या ऑफिसच्या छपरापासून चार छपरं सोडून. हसणं-खिदळणं चाललं होतं. मी मात्र खुर्ची थोडी मागं ओढली. मी एकटी असताना आमचं घर आधीच बघून ठेवलं होतं. तळ्याच्या कडेनं येऊन, बसस्टॉपवरून गल्ल्या मोजत मोजत तिथं पोचले होते. करडा चौकोन, त्यात फाटकी निळी चिंधी, कडेला विटांचा ढीग. भंगारवाल्याचं आवार वाटावं असं. माझी पाळी आली तेव्हा मी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "आमच्या भागाचं चित्र धूसर आहे. काही ओळखू येत नाही."

तेव्हा बऱ्याच गावांची चित्रं खरंच धूसर असायची, त्यामुळं ते खपलं. पुढच्याची पाळी आली.

गोष्ट तिथंच संपायची. पण सगळं घरी सांगायची मला खोड, तर संध्याकाळी मी तेही सांगितलं. अप्पा एकदम पुढं सरकून बसले.

"मग आपलं घर दिसलं का?"

त्यांच्या तोंडाकडं बघून मला खरं बोलता येईना. काय सांगणार? दिसतं, पण मी दाखवलं नाही, असं? म्हणाले, "धूसर येतंय अप्पा. ओळखू येत नाही."

"ओळखू येत नाही," ते म्हणाले. मग थोडा वेळ त्यांनी पाठकोरा कागद नुसताच हातात धरला.

पुढचे काही दिवस ते मला भलतेसलते प्रश्न विचारत होते. धावपट्टीच्या टोकाला मोठे आकडे रंगवलेले असतात ते कशाचे? मी सांगितलं, दिशेचे. होकायंत्रात जितके अंश येतील त्यातलं शेवटचं शून्य उडवायचं. मग दुसऱ्या टोकाला दुसरा आकडा का? कारण तिकडून उलटी दिशा. वरून कुठला रंग चांगला दिसतो? तांबडा? त्यावर पांढरं? मला वाटलं, म्हातारपणी खेळ शिकतायत. मला गंमत वाटली, आणि शिकवायला मिळतंय म्हणून मी शेफारलेही.

नवरात्राच्या आधी आई आणि मी चार दिवस मामाकडं बेळगावला गेलो. परत येताना बसस्टॉपवर शेजारच्या इमारतीतल्या बाई भेटल्या. हसू दाबत त्या कानडीत म्हणाल्या, "निम्म विमान यावाग बरतदरी?" तुमचं विमान कधी येणार? मला काही कळेना. आईनं कपाळाला हात लावला. तिला बहुतेक कळलं.

गच्चीवर गेले तर बाकं नव्हती. एकही नाही. ताडपत्री नाही, विटा नाहीत. सळयांना खाली वाकवून त्यांवर डबे उलटे घातले होते. सगळी गच्ची तांबड्या रंगानं रंगवलेली, मधोमध पांढरा पट्टा ह्या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, आणि दोन टोकांना माणूस आडवा झोपेल एवढाले आकडे. एकीकडं २८, दुसरीकडं १०. मराठी आकडे. चित्रकलेच्या मास्तरांचं वळण, कुठं रेषा हललेली नाही.

"शाळेतलं होकायंत्र होतं माझ्याकडं," अप्पा म्हणाले. त्यांच्या भुवईला चुना लागला होता. "अठ्ठावीसच येतंय, चारदा बघितलं. आता येईल की नाही ओळखू?"

"बाकं कुठं आहेत?"

"गावी दिली देवळात. भजनाला बसतील लोक." आणि मग, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, "नाही तरी वरची खोली आता काय होणार आहे."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटायला हवी होती. वाटली ती लाज. त्या शेजारच्या गॅलऱ्यांमध्ये चार डोकी आमच्याकडं बघून हसत होती, आणि माझ्या मनात एवढंच आलं की हे आता चुन्यानं झाकायचं कसं. मी म्हणाले, "छान झालंय," आणि खाली आले.

गल्लीनं अप्पांचं नाव विमान मास्तर ठेवलं. पोरं दारावरून जाताना हात पसरून घूं घूं करत जायची. अप्पांना त्यात चेष्टा दिसायची नाही. ते त्यांना थांबवून अंश समजावून सांगायचे. आणि रोज मला विचारायचे, "आलं का चित्र?" मी त्यांना सांगितलं की ती चित्रं रोजची नसतात, वर्ष-वर्ष जुनी असतात. "असू दे," ते म्हणाले, "कधीतरी काढतीलच की."

मग दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन घरोघर जातात. थोरांच्या हातात पानं द्यायची, पाया पडायचं आणि म्हणायचं, सोन्यासारखे राहू या. ऑफिसातल्या माझ्या सगळ्या मंडळींनी त्या वर्षी ठरवलं की सगळ्यांच्या घरी जायचं. मी तऱ्हेतऱ्हेनं टाळायचा प्रयत्न केला. आमचं घर लांब आहे, बस मिळत नाही, अप्पांची तब्येत बरी नाही. तरी ते आलेच, धारवाडचा मुलगा पुढं आणि बाकीचे मागं. अप्पा धुतलेला शर्ट घालून, अगदी ठणठणीत, दारात उभे होते.

पानं दिली-घेतली. आईनं फराळाच्या बशा आणल्या. माझा सगळा जीव जिन्याकडं लागला होता. बशा रिकाम्या होईपर्यंत अप्पांनी धीर धरला आणि मग म्हणाले, "चला, वर. तुमचाच खेळ आहे."

गच्चीवर ऊन उतरलेलं होतं. अप्पा २८च्या बाजूला उभे राहिले, हात मागं बांधून, वर्गात उभे राहायचे तसे.

"ओळखा. कुठला विमानतळ?"

सगळे पायाखालच्या आकड्यांकडं बघू लागले. मग दाजीबानपेठेतली मैत्रीण फसकन हसली आणि तिनं तोंडावर ओढणी धरली. मी कठड्याबाहेर बघत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं. मात्र गच्चीवर उभं असताना जमीनसुद्धा जवळ नव्हती.

"हिनं सांगितलं," अप्पा उत्साहानं त्यांना समजावू लागले, "आपला भाग चित्रात धूसर येतोय, घर ओळखू येत नाही. म्हटलं, मोठी खूण केली तर येईल. काय?"

धारवाडचा मुलगा वाईट नव्हता. उलट तो एकटाच हसला नव्हता. वाकून आकड्याची कड बघत होता. त्यामुळंच तो जे बोलला ते अगदी सरळ मनानं बोलला.

"पण काका, उणकलचं चित्र धूसर कुठंय? स्वच्छ आहे की. त्याच दिवशी ही गेल्यावर ऑफिसातल्या पत्त्यावरून आम्ही तुमचं घर शोधून काढलं होतं. बाकं रचलेली गच्ची, हीच ना?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतके दिवस सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्यासमोर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. माझे कान तापले. पण ती लाज पुरती उमटायच्या आत अप्पांनी वळून माझ्याकडं बघितलं.

रागावून नाही. चित्रात कुठं चुकलं ते शोधताना ते जसे बघायचे, तसं. आणि त्यांना सापडलं, हे मला दिसलं.

"हां, हां," ते त्या मुलाला म्हणाले. "सांगितलं होतं हिनं मला, स्वच्छ येतंय म्हणून. म्हणून तर बाकं काढली. वय झालं, एकाचं दोन ऐकतो मी. चला, खाली चला. चहा झाला असेल."

जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं. एरवी ते धरत नसत.

त्या रात्री मी काहीतरी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीही चाललं असतं, आठवड्यानंतरही. अप्पा नेहमीसारखेच वागत होते. पेपर वाचत होते, आईशी भांडत होते, भाजी आणत होते. फक्त संध्याकाळी दारात ते मला "आज कुठं जाऊन आलीस" असं विचारेनासे झाले. "आलीस?" म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. मीच कधी कागदावर लिस्बन, कधी सिंगापूर काढून त्यांच्यापुढं ठेवायची. ते चष्मा लावून बघायचे आणि म्हणायचे, "छान आलंय." कात्री नाही, पंखा नाही. पोरांना वर्गात बरं वाटावं म्हणून मास्तर म्हणतात तसं छान. मला त्यापेक्षा चार लोकांत दिलेली थप्पड परवडली असती.

पुढच्या पावसाळ्यात गच्चीवरचा पांढरा रंग धुऊन गेला. त्याच्या पुढच्यात तांबडाही फिका पडला. अप्पांनी परत रंग दिला नाही. पोरं घूं घूं करायची थांबली. गल्लीला दुसरं काहीतरी हसायला मिळालं असणार.

ऑफिसातला खेळही मागं पडला. धारवाडचा मुलगा बंगळूरला नोकरीला गेला. मी तिथंच गिरवत राहिले. अशीच एक दुपार होती, काम हळू चाललं होतं, आणि मी सवयीनं उणकल उघडलं. चित्र बदललं होतं. तळ्याभोवती नवी छपरं उगवली होती, सगळी करडी. त्यांच्यामध्ये एकच तांबडा चौकोन होता. मी जवळ जाऊन बघितलं. मधला पांढरा पट्टा दिसत होता. एका टोकाला २८ होतं, अगदी वाचता येईल असं. चित्र त्या दसऱ्यानंतरच्या हिवाळ्यातलं असणार, आकडे धुऊन जायच्या आधीचं. कडेला दोरीवर हिरवी रेघ होती, ती आईची साडी. अप्पा म्हणाले होते, कधीतरी काढतीलच की. काढलं होतं.

मी पडद्यासमोर बसून रडले. शेजारच्या मुलीनं विचारलं तर डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणून सांगितलं. खोटं बोलायला मला कधीच वेळ लागायचा नाही.

त्या चित्राचा रंगीत छापील कागद करून मी घरी नेला. अप्पा व्हरांड्यात सुपात शेंगा घेऊन सोलत बसले होते. आताशा त्यांची नजर अधू झाली होती, पण इतकीही नाही. काय बोलायचं ते मी बसमध्ये जुळवत आले होते, आणि दारात पोचेपर्यंत त्यातलं एक वाक्य धड राहिलं नव्हतं. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "अप्पा, ओळखा."

त्यांनी हात झटकले, चष्मा पुसून लावला. कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. त्यांचं बोट हिरव्या रेघेवरून तांबड्या चौकोनावर गेलं, तिथल्या २८वर थांबलं आणि मग बाजूला झालं.

"मुंबई," ते म्हणाले.

"नाही."

"मग बेळगाव असेल."

"नाही अप्पा."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. "बंगळूर?"

मी नाही म्हणाले. तीन झाले होते. नियम त्यांना मीच शिकवला होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि वाट बघत राहिले.

"आपलं घर आहे," मी म्हणाले. आवाज नीट फुटला नाही म्हणून परत मोठ्यानं म्हणाले, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आपलं घर आहे, अप्पा."

"हौदा? खरंच?" ते म्हणाले. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, आणि माझ्या हातात परत दिला. "धूसर आलंय की गं."